पोलीस ॲक्शन झाली, पंचनामा राहिला

पावसाळा लागला की नळदुर्ग रील्समध्ये दिसायला लागतं. ड्रोन बोरी नदीवरून येतो, पाणी महालावर थांबतो आणि 'नर' व 'मादी' हे दोन सांडवे फेसाळत कोसळताना दाखवतो. खाली ओळ असते : दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, १६१३ची करामत. करामत आहेच. नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधायचा, डोक्यावरून पाणी जाऊ द्यायचं आणि आत बसलेला माणूस कोरडा ठेवायचा, हे सोपं काम नाही.

याच बोरी नदीवरच्या पुलाचं रील मात्र कुणी करत नाही. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून निघालेलं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, तेव्हा पहिली चकमक नळदुर्गला झाली. सातव्या ब्रिगेडने अचानक मुसंडी मारून पूल शाबूत ताब्यात घेतला. समोर निजामाची फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री होती. दुसऱ्या शीख पलटणीने तिच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. १७ तारखेला निजामाने हार मानली.

या कारवाईचं सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो'. जगासमोर तिला म्हटलं गेलं 'पोलीस ॲक्शन'. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती, आणि हे युद्ध नाही, घरातला मामला आहे, असं दाखवणं दिल्लीला गरजेचं होतं. रणगाडे होते, तोफखाना होता, विमानं होती, पण नाव पोलिसांचं. ते नाव मराठवाड्याच्या तोंडी इतकं बसलं की अजूनही जुनी माणसं काळ मोजताना 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' असं म्हणतात.

माझं भांडण या नावापासूनच सुरू होतं. पोलीस येतात तेव्हा पंचनामा होतो. कोण मेलं, कुठे मेलं, कशाने मेलं, शेवटचं कुणी पाहिलं, हे कुणीतरी लिहून घेतं आणि पंचांच्या सह्या घेतं. आपल्याकडे ॲक्शन झाली, पंचनामा राहिला. सरकारने तो केला नाही, याचं मला फारसं नवल वाटत नाही. मराठी कादंबरीने का केला नाही, हा माझा प्रश्न आहे. हे काम करायला सगळ्यात लायक साहित्यप्रकार म्हणजे रहस्यकादंबरी, जिला आपण एसटी स्टँडवरचा माल समजून बाजूला सारलं. तिच्या मध्यभागी कोण हवा तेही सांगून टाकतो : युद्धाने मोडलेला एक माणूस, ज्याच्यावर अख्ख्या गावाचा संशय आहे. त्याने खून केलेला असावा असं नाही. त्याच्यावर संशय घेणं गावाला सोयीचं जावं, एवढं पुरे.

किल्ल्यात राहिलेला लेखक

'ऐतिहासिक रहस्यकादंबरी ही इंग्रजी फॅशन आहे, ती आपल्या मातीत रुजणार नाही', असं म्हणणाऱ्यांनी आधी नळदुर्गच्या किल्ल्याकडे बघावं. १८५३मध्ये निजामाने कंपनीच्या देण्यापोटी काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यात नळदुर्गचा जिल्हा होता. त्याचा कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर. तो या किल्ल्यात राहिला आणि १८५७च्या धामधुमीत वऱ्हाडात गेला. तुळजापूर-नळदुर्गचा हा परिसर त्याने पुढे १८६३च्या 'तारा' या कादंबरीत आणला.

पण नळदुर्गला आला तेव्हाच तो नावाजलेला लेखक होता. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' १८३९मध्ये लंडनला निघाली आणि धडाधड खपली. गुप्तहेरकथेची वंशावळ ज्या गोष्टीपासून मोजतात, ती एडगर ॲलन पोची 'मर्डर्स इन द रू मॉर्ग' १८४१ची. म्हणजे इंग्रजीत गुन्हेकथा रांगत होती, तेव्हा तिच्यातल्या एका गाजलेल्या पुस्तकाचा कच्चा माल दख्खनच्या वाटांवरून गेला होता. टेलरने तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलिसी काम केलेलं होतं. वाटसरू कसे नाहीसे होतात, हे त्याने सरकारी नोकर म्हणून पाहिलं होतं.

आता त्या कादंबरीतला संशयित पाहा. अमीर अली साहेबापुढे बसून आपले खून सांगतो, सातशे एकोणीस. इंग्रजी वाचकाच्या अंगावर काटा आला तो या आकड्याने. पण गोष्टीच्या सुरुवातीला काय आहे? एक लहान मूल आहे. त्याच्या आई-वडिलांना ठगांनी मारलंय, आणि मारणाऱ्यांच्या म्होरक्यानेच त्याला मुलगा म्हणून वाढवलंय. पुढे तो पेंढाऱ्यांबरोबर लुटीच्या स्वाऱ्याही करतो. हिंसेतून जन्मलेला, हिंसेने पोसलेला माणूस टेलरच्या समोर बसलाय, आणि टेलर त्याला फक्त 'पुढे काय झालं?' एवढंच विचारतो. 'तुला काय झालं?' हे विचारत नाही.

विचारलं असतं, तर कंपनी सरकारची पंचाईत झाली असती. १८१८मध्ये पेशवाई संपली, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला. ज्यांचं पोट तलवारीवर होतं असे असंख्य शिपाई बेकार झाले. ठगीचा नव्याने अभ्यास करणारे इतिहासकार या रिकाम्या झालेल्या हत्यारबंद माणसांकडे बोट दाखवतात. त्यातच १८३६चा कायदा आला : माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. अमुक खून अमक्याने केला, हे दाखवायची गरज राहिली नाही. कालचा शिपाई आज संशयित झाला आणि संशय हाच पुरावा झाला.

म्हणून म्हणतो, हा साहित्यप्रकार आपल्याला परका नाही. त्याच्या जन्माच्या वेळी संशयिताच्या जागी आपलीच माणसं बसलेली होती. फक्त लिहिणारा साहेब होता.

साहेबाने पुढे काय केलं

साहेबाच्या देशाने मात्र पुढच्या शंभर वर्षांत हा संशयित बदलला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परत आलेली माणसं थरथरत होती, वाचा गेलेली होती, रात्री ओरडत उठत होती. १९१५मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये त्यासाठी 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तो शब्द दवाखान्यातून थेट रहस्यकथेत गेला. डोरोथी सेयर्सची 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब' १९२८ची. युद्धविरामाच्या स्मृतिदिनी एक म्हातारा जनरल क्लबातल्या खुर्चीत मेलेला सापडतो. संशयितांमध्ये त्याचा नातू आहे, युद्धातून गॅस आणि शेल शॉक घेऊन आलेला. त्याचं डोकं इतकं पोखरलंय की झटका आल्यावर तो स्वतःच जाऊन कबुली देतो. आपण काही केलं की नाही, याचीच त्याला खात्री उरलेली नाही.

हा धागा अजून चालू आहे. चार्ल्स टॉड या नावाने लिहिल्या जाणाऱ्या मालिकेतली पहिली कादंबरी, 'अ टेस्ट ऑफ विल्स', १९९६ची, पण तिचं कथानक १९१९चं. तपास करणारा इन्स्पेक्टर स्वतः शेल शॉकने पोखरलेला, आणि ज्याच्या शब्दावर सगळा खटला टेकलाय तो साक्षीदारही तसाच. अबीर मुखर्जींची 'अ रायझिंग मॅन' (२०१६) १९१९च्या कलकत्त्यात घडते. तिच्यातला इंग्रज अधिकारी युद्धाच्या आठवणी अफूत बुडवतो.

या पुस्तकांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्यांनी स्वतःची एक खोड तयार केली आहे. युद्धातून आलेला माणूस दाखवायचा, त्याला रात्री किंचाळायला लावायचं, वाचकाला दोनशे पानं त्याच्यावर संशय घ्यायला लावायचा, आणि शेवटी 'बिचारा निर्दोष होता' म्हणून सोडून द्यायचं. म्हणजे त्याच्या आजाराचा उपयोग फक्त चकवा म्हणून. ही लबाडीच आहे. दुसरी लबाडी याहून वाईट : खुनी तोच निघतो आणि कारण म्हणून 'युद्धाने वेडा झाला होता' एवढं एक वाक्य येतं. खून ज्या कारणांसाठी होतात ती कारणं, म्हणजे जमीन, पैसा, अब्रू, भीती, सगळी एका वाक्यात माफ होतात.

तरीही त्या वाचकांना एक गोष्ट मिळाली. युद्ध संपल्याची तारीख आणि माणसाच्या डोक्यातलं युद्ध संपल्याची तारीख एक नसते, हे त्यांच्या लोकप्रिय पुस्तकांनी त्यांना सांगितलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 'पीटीएसडी' यायला १९८० उजाडलं. रहस्यकथा त्याच्या आधी पन्नास वर्षं ते माणूस ओळखून होती.

आपल्याकडे परत कोण येतं?

मराठीत दोन्ही प्रकार भरभरून आहेत, पण शेजारी राहूनही त्यांचं येणं-जाणं नाही. एकीकडे ऐतिहासिक कादंबरी : हरिभाऊ आपट्यांपासून 'स्वामी', 'पानिपत'पर्यंत. दुसरीकडे रहस्यकथा : एकट्या बाबुराव अर्नाळकरांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तकं. पहिलीला पुरस्कार, सत्कार, पाठ्यपुस्तकातला उतारा. दुसरीला रद्दीचं दुकान. पहिलीत माणसं मोठ्या कारणासाठी मरतात आणि दुसरीत क्षुल्लक कारणासाठी. मधली माणसं, म्हणजे मोठ्या कारणासाठी लढून जिवंत परत आलेली आणि मग क्षुल्लक गोष्टींत अडकलेली, त्यांना कुठल्याच कपाटात जागा नाही.

आणि अशी माणसं कमी नव्हती. कुतच्या वेढ्यात एकशे तिसरी, एकशे दहावी, एकशे सतरावी अशा मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथली फौज उपासमारीने शरण गेली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत पडली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. जे वाचले ते गावी आले. त्यांना आपण काय म्हटलं? 'डोक्यावर परिणाम झालाय.' 'फिरलाय.' 'बाहेरचं काहीतरी लागलंय.' मग देवळात नेलं, दर्ग्यात नेलं, अंगारा लावला. नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता असं थोडंच असतं?

मराठी मनाला 'परत आलेला माणूस म्हणजे संशयित' हे समीकरण चांगलं ठाऊक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला. भाऊंची पत्नी पार्वतीबाई नवरा जिवंत आहे असं धरून बसली होती. माणूस खरा की खोटा, यावर राज्य दुभंगायची वेळ आली. शेवटी १७७६मध्ये पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झालं. यापेक्षा मोठी रहस्यकथा कुठल्या भाषेकडे आहे? आणि आपण त्या प्रकरणाला काय नाव दिलं? 'तोतयाचे बंड'. निकाल नावातच लावून टाकला. तो तोतयाच होता, हे मान्य. पण त्याला भाऊ म्हणून मानणाऱ्या हजारो लोकांना काय झालं होतं? ज्यांची माणसं पानिपतावरून आलीच नाहीत, त्यांना एक तरी परत आलेला हवा होता. हा तपास कुणाला करावासा वाटला नाही, कारण त्यात गुन्हेगार सापडत नाही. सापडतं ते न संपलेलं दुःख.

कोटा भारू ते नळदुर्ग

आता परत बोरीच्या पुलावर या. समोर कोण होतं, ते पुन्हा वाचा : फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री.

या नावाची पलटण त्याआधी सात वर्षं जगाच्या इतिहासात एकदा येऊन गेली होती. ८ डिसेंबर १९४१. मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारूला जपानी सैन्य उतरलं. तिथल्या विमानतळाच्या राखणीला निजामाची हीच पलटण होती. अंधार, पाऊस, समुद्राकडून येणारी फौज, आणि विमानतळ सोडून निघून चाललेले लोक. पलटण फुटली. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स मारले गेले. ते पळणाऱ्यांना अडवताना आपल्याच शिपायांच्या गोळीने मेले, असं या मोहिमेवर लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलं आहे. मग दोन महिन्यांत, १५ फेब्रुवारी १९४२ला, सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले.

कादंबरीकाराला आणखी काय हवं? ज्या रात्री कर्नलला गोळी लागली त्या रात्री तिथे असलेला एखादा शिपाई कल्पा. धाराशिव जिल्ह्यातला, साधा, पगारासाठी भरती झालेला. तो रात्र विसरू शकत नाही. कोणी गोळी झाडली हे त्याने पाहिलंय, किंवा पाहिलं असं त्याला वाटतं, किंवा झाडणारा तोच आहे. कैदेतून सुटून तो गावी येतो. झोपत नाही. पावसाच्या रात्री घराबाहेर जाऊन बसतो. गाव त्याला सांभाळून घेतं, कारण गावाला वेडे सांभाळायची सवय असते. मग १९४८ येतं.

१९४८चं वर्ष नळदुर्गच्या आसपास कसं होतं हे सांगताना एक शब्दही गाळायचा नाही. लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या होता. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. बिदरकडच्या गोरट्यात कत्तल झाली. लोक घरदार सोडून सोलापूरच्या हद्दीत पळाले. ही हकिगत आपल्याला माहीत आहे, कारण ती सांगितली गेली. अनंत भालेरावांचं 'पेटलेले दिवस' आहे, भाषणं आहेत, दरवर्षी १७ सप्टेंबरचं ध्वजवंदन आहे. ती सांगितली गेली हे उत्तमच झालं.

पण त्याच सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काय झालं? केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये ते नऊ जिल्हे फिरले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर निदान २७ हजार ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी लिहिले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. मेलेले बहुतेक मुसलमान होते. रझाकार असलेले आणि रझाकारांशी काही संबंध नसलेलेही. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीत हात घातल्याचंही अहवालात आहे. आणि त्यातच हेही आहे, की कित्येक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीव दिला. सरकारने हा अहवाल कधी छापला नाही. तो सहज वाचायला मिळायला २०१३ उजाडलं.

आता पुन्हा त्या शिपायाकडे बघा. ऑक्टोबर १९४८. बोरीच्या पात्रात, पाणी ओसरल्यावर, एक प्रेत सापडतं. नवी राजवट, नवा अमीन. गाव एका सुरात सांगतं, 'तो फिरलेला शिपाई आहे ना, त्यानेच केलं असणार.' शिपाईही नाही म्हणत नाही. सात वर्षं तो एका गोळीचा हिशेब डोक्यात घेऊन फिरतोय. त्याला कबुली द्यायचीच आहे, कुठल्या का खुनाची असेना. अमीनने सही घेतली की प्रकरण मिटलं.

आणि अमीन सही घेत नाही. बस, कादंबरी इथे सुरू होते. कारण सही न घेणाऱ्या अमीनला मग घरोघर जाऊन विचारावं लागतं : त्या रात्री तू कुठे होतास? मेलेल्याची जमीन आता कोण कसतं? त्याच्या दुकानातला माल कुणाच्या माडीवर आहे? त्याच्याकडे कुणाचं कर्ज होतं? आणि त्याची बायको कुठे आहे? एका खुनाच्या तपासात त्याला दहा उत्तरं मिळतील आणि प्रत्येक उत्तराच्या तळाशी आणखी एक प्रेत असेल.

तीन हरकती

पहिली हरकत ठरलेली : जुन्या जखमा कशाला उकरता? जखम भरली असती तर उकरायचा प्रश्न आला नसता. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत पडक्या वाड्याची, ओस मशिदीची, 'पूर्वी इथे अमक्यांची घरं होती' या वाक्याची जागा अजून आहे. विचारलं की माणसं विषय बदलतात. सव्वीस जानेवारीच्या भाषणात न येणारी गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांच्या झोपेत येते. ज्याने मारलं तोही बऱ्याचदा शांत झोपला नसेल. युद्धाने मोडलेला माणूस फक्त हरणाऱ्या बाजूला असतो असं कुणी सांगितलं? इटलीत लढून आलेला, सीमेवरच्या कॅम्पात राहिलेला, सूड म्हणून शेजाऱ्याच्या घराला काडी लावलेला माणूसही त्याच गावात म्हातारा झाला. त्याचीही कादंबरी झाली नाही.

दुसरी हरकत : रझाकारांनी केलं त्याचं काय? त्याचाही तपास करा. माझी तक्रारच ही आहे की आपण त्याचाही तपास केलेला नाही. फक्त निषेध केला. निषेधात 'रझाकार' नावाचा एक राक्षस असतो. तपासात नाव-गाव असलेली माणसं येतात : कोण पगारासाठी गेला, कोण धाकाने, कोण धर्मवेडाने, कोणत्या पाटलाने त्यांना धान्य पुरवलं, कोणत्या सावकाराने त्यांच्याशी सौदा केला. गुन्ह्याची कथा सामूहिक दोष मानत नाही. 'त्या लोकांनी' मारलं, हे वाक्य तिच्यात चालतच नाही. कोणी मारलं ते सांगावं लागतं. आजच्या वातावरणात दोन्ही बाजूंचे पुढारी ज्या एका शब्दावर जगतात, तो 'ते लोक' हा शब्द रहस्यकादंबरी पहिल्याच प्रकरणात काढून घेते. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं नैतिक बळ हेच.

तिसरी हरकत साहित्यिक मंडळींची : एवढ्या गंभीर विषयाला रहस्यकथेचा हलका साचा? हो, तोच साचा. 'गंभीर' कादंबरी अशा विषयापाशी आली की पुष्कळदा काळोख, नियती, माणुसकीचा पराभव अशा मोठ्या शब्दांत विरघळते आणि शेवटी कुणीच जबाबदार उरत नाही. रहस्यकादंबरीला ती चैन परवडत नाही. तिला वेळ लागते, अंतर लागतं, हत्यार लागतं. जळकोटहून नळदुर्गला रात्री चालत यायला किती वेळ लागतो, हे तिला माहीत असावं लागतं. वाचकही तिच्यात गप्प बसत नाही. तो प्रत्येकाचं खोटं पकडायला टपलेला असतो. फोनवर मध्यरात्रीपर्यंत वेब सिरीजचे आठ भाग सलग बघणारे तुम्ही-आम्ही तसलेच वाचक आहोत. खोटं पकडायची ही सवय आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासावर वापरली तर बिघडलं कुठे?

एक अट मात्र हवी. तो मोडलेला शिपाई चकवा म्हणून वापरायचा नाही. शेवटच्या प्रकरणात निर्दोष सुटला, की लेखकाचं काम संपलं असं होता कामा नये. गावाने त्याच्यावर संशय का घेतला, हेच त्या कादंबरीचं खरं रहस्य असलं पाहिजे. त्याच्याकडे बोट दाखवताना कुणाची बोटं थरथरत होती, ते दिसलं पाहिजे. आणि कोटा भारूच्या त्या रात्रीचा त्याचा हिशेब, तो अमीनने कान देऊन ऐकून घेतला पाहिजे. टेलरने अमीर अलीला जे विचारलं नाही ते कुणीतरी विचारायची वेळ कधीची होऊन गेली आहे.

कोण लिहिणार?

मुंबई-पुण्याने लिहावं असं मला वाटत नाही. हे लिहायला तुळजापूर तालुक्यातली बोली कानात असावी लागते, घरात हैदराबादी उर्दूचे चार शब्द वापरात असावे लागतात, आणि कुणाच्या शेताच्या बांधावर कुणी बोलत नाही हे ठाऊक असावं लागतं. हे भांडवल नळदुर्ग, अणदूर, उमरगा, लोहाऱ्याकडच्या पोरापोरींकडे आहे. त्यातली बरीच पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसून मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या तारखा पाठ करतात. तारखा पाठ आहेत तर उत्तमच. वेळापत्रक तयार आहे.

कागदही आहेत. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरं उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली. म्हणजे गरज वाटली की रुमालही सुटतात आणि लिपीही वाचता येते. जातीच्या नोंदीसाठी जे दफ्तर उघडलं, ते मेलेल्या माणसाच्या नोंदीसाठी उघडायला कुणाची ना नसावी. जमीन १९४७ला कुणाच्या नावावर होती आणि १९५२ला कुणाच्या, एवढ्या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवल्या तरी कादंबरीचं अर्धं कथानक हाताला लागेल.

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. १९४८ला दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. त्याने पूल पाहिला, चिलखती गाड्या पाहिल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या घराचं दार उघडं का पडलं होतं, तेही पाहिलं. त्याला कुणी साक्षीदार म्हणून बोलावलेलं नाही. आपण गेलो नाही, तर काही वर्षांत हे प्रकरण साक्षीदाराअभावी बंद होईल.